रुईत मुरलेली खडखड

दुपारचे दोन वाजले होते. बोथा घाटाच्या उतारावर माझ्या केबिनमधून धूर निघाला. आत दोन माणसे होती आणि मागे कापूस भरलेला होता.

मित्रांनो, मीच तो जुना लष्करी ट्रक. त्या दुपारपासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. जे घडले ते क्रमाने सांगतो.

माझा जन्म महायुद्धातला. माझे सुटे भाग खोक्यांतून बोटीने मुंबईला आले आणि तिथे माझी जोडणी झाली. लांबी कमी आणि ताकद जास्त हवी, एवढेच मला घडवणाऱ्यांनी पाहिले. त्यामुळे माझे इंजिन नाकात पुरते मावले नाही. त्याचा अर्धा भाग केबिनमध्ये, चालकाच्या डाव्या मांडीला लागून, एका पत्र्याच्या झाकणाखाली बसवला. छत ताडपत्रीचे, दरवाजेही तसेच. मला चालवणारे शिपाई तरुण होते आणि वरचेवर बदलत. माझा आवाज किती, धग किती, हे कोणी विचारले नाही.

युद्ध संपले. बरीच वर्षे मी एका डेपोत गवतात उभा होतो. चिमण्यांनी माझ्या दिव्यांत घरटी केली. मग लिलाव झाला आणि खामगावच्या भगवंतरावांनी मला घेतले. त्यांनी ताडपत्री काढून पत्र्याचे छत आणि पत्र्याचे दरवाजे बसवले. चालक म्हणून पुंजाजी आले. महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारास मी बुलढाणा-चिखलीकडचा कापूस खामगावच्या जिनांत, म्हणजे सरकी काढणाऱ्या गिरण्यांत, आणत होतो. घाटात इतर गाड्या दम खायला थांबत, मी थांबत नसे. रस्त्यावरची माणसे म्हणत, "पुंजाजीची मिलिटरी आली." हे ऐकून मला बरे वाटे.

पुंजाजींना मात्र बरे नव्हते. पत्र्याच्या केबिनमध्ये माझा आवाज डब्यातल्या खड्यांसारखा फिरे. उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या पोटरीवर फोड येत. कानात ते कापसाचे बोळे घालत, तरी संध्याकाळी कानात घूं घूं चालूच राही. मला ते घरासमोरच उभे करत, म्हणून आतले बोलणे मला ऐकू येई.

"काऊन वरडता?" त्यांची बायको तानाबाई म्हणे. "मी काय नांदुऱ्याले उभी हावो?"

"मी कुठं वरडून राह्यलो?"

"शेजारी इचारतेत, रोज काऊन भांडतो म्हून."

एके दिवशी भगवंतराव स्वतः आले. पुंजाजी पाठमोरे होते. मालकांनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्यांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा पुंजाजी दचकले.

"पुंजाजी, रेल्वे फाटकावर असं झालं तं?" मालक म्हणाले. "कान जाऊन राह्यला तुया. पुढच्या हंगामात बी असाच राह्यला, तं मले दुसरा ड्रायवर पाहा लागन."

पुंजाजींना दुसरे काही येत नव्हते. माझे सुकाणू सुटले असते, तर त्यांना जिनात ओझी वाहावी लागली असती. उरलेला कान वाचवायचा, एवढाच उपाय होता.

खामगावात कुठलीही फट दिसली की माणूस आधी कापूस शोधतो. हंड्याच्या झाकणाला कापूस, दुखऱ्या कानाला कापूस, थंडीला कापूस. पुंजाजींनीही तेच केले. त्यांनी रहेमतुल्ला पिंजाऱ्याला बोलावले. त्याने केबिनमध्ये बसून पाहिले आणि तो कपाळ पुसत बाहेर आला.

"पुंजाजीभाऊ, हे तं तंदूर हाय. तुमी अजून भाजले कसे नाई?"

"होईन का काही?"

"होईन ना. नवरीले देतो तसी रजई देतो तुमच्या इंजिनाले."

पेडलच्या भोकांना जुन्या ट्यूबचे रबर बसले. छताच्या आतून गोणपाट आणि रुई. इंजिनाच्या झाकणावर जाड रजई, शिवणारी रहेमतुल्लाची बायको फातिमा. "माहेरून मले इतकी भारी रजई नाई भेटली," ती सुई ओढत म्हणाली. काम छान झाले होते. पण पुंजाजींना आणखी शांतता हवी होती. त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूलाही, थेट इंजिनासमोर, रुईचा थर तारेने बांधून घेतला. वारा येण्याची झडपही बोळा घालून बंद केली. त्यात धोका आहे असे कोणालाच वाटले नाही. रुई म्हणजे त्यांच्या घरातलीच वस्तू.

पहिल्या फेरीला पुंजाजी गाणे गुणगुणले. हमाल कडूबा शेजारी बसून चक्क झोपला. जिनातली माणसे केबिनमध्ये डोकावून जात. "ही तं मोटार झाली बे," एक जण म्हणाला. घरी तानाबाईला हळू आवाजात उत्तर मिळू लागले. माझेही कौतुक झाले. मला त्याचा आनंद फार दिवस घेता आला नाही.

चैत्रात माझ्या इंजिनाच्या माथ्यावरचा एक बोल्ट सैल झाला. पूर्वी अशा वेळी मी खडखडत असे आणि केबिनच्या तळाशी तेल ठिबके. पुंजाजी लगेच पाना घेऊन उतरत. आताही मी खडखडलो. ती खडखड रुईत मुरली. तेल गळाले, तेही रुईनेच पिऊन टाकले. तळाशी एक थेंब पडला नाही. मित्रांनो, यंत्राला दुसरी बोली नसते. दर फेरीला ती तेलकट रुई धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीकडे थोडी अधिक लोंबू लागली. मला ते कळत होते आणि मला ते कोणाला सांगता येत नव्हते.

त्या दुपारी घाट उतरताना कडूबा जागा झाला. "काही जळून राह्यलं का, पुंजाजीभाऊ?"

"पऱ्हाट्या जाळून राह्यले असतीन वावरात," पुंजाजी म्हणाले.

कापूस निघाल्यावर त्याची वाळलेली झाडे शेतात जाळतात. चैत्रात तो वास सगळीकडेच असतो. कडूबाने पुन्हा डोळे मिटले. दोन वळणांनंतर रजईच्या शिवणीतून धूर आला.

पुंजाजींनी मला डोंगराच्या बाजूला दाबून उभे केले, कडूबाला बाहेर ढकलले आणि रजई ओढली. मागचा कापूस पेटू नये म्हणून ते झाकण उचलायला वाकले. तेव्हाच पेट्रोलच्या वाफेचा भडका उडाला. मोठा आवाज झाला, त्यांच्या डोक्याशीच. कडूबाने आणि मागच्या बैलगाडीवाल्यांनी माती टाकून आग विझवली. कापूस वाचला. पुंजाजींचे हात भाजले. लोक त्यांच्याशी बोलत होते आणि ते नुसते त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

मित्रांनो, यंत्राला जरूर पांघरूण घाला. चालवणाऱ्याचे कान आणि पाय जपा. पण पांघरुणाला वारा राहू द्या, ते अधूनमधून उचलून खालचे पाहत जा, आणि तेल पिणारी वस्तू आगीजवळ ठेवू नका. गप्प झालेले यंत्र बरे झाले असे समजू नका.

पुंजाजींच्या हातांच्या पट्ट्या सुटल्या आहेत. फकीर मोहम्मद मिस्त्रींनी मला दुरुस्त केले आहे. आज सकाळी भगवंतरावांनी पुंजाजींना जिनाच्या आवारात बोलावले आणि माझ्याकडे पाठ करून दूर उभे केले. गाडी सुरू झालेली ऐकू आली तर त्यांनी वळायचे, हे खुणांनी समजावले. वळले, तर सुकाणू त्यांचे.

तानाबाई नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली होती.

"वहिनी, तुमी इकडं या," भगवंतराव म्हणाले. "तुमच्या तोंडावरूनच त्याले समजन."

तिने पदर तोंडाशी धरला आणि ती माझ्या चाकापाशी येऊन थांबली. मिस्त्रींनी बटण दाबले. माझ्यात जेवढा आवाज आहे, तेवढा मी काढतो आहे. पुंजाजींनी अजून मान वळवलेली नाही.