निळा पाय

"यातला कुठला जुळतो बघा," म्हणत कृत्रिम पाय बनवणाऱ्या काकांनी रंगाच्या पट्ट्या एकेक करून तिच्या हातावर ठेवल्या. गोरा, गव्हाळ, सावळा.

"एकही नाही."

"थोडंफार इकडेतिकडे चालतं हो, ताई. लांबून कळत नाही."

"जवळून कळतं ना? मग पांढराच द्या, काका. रंगाचं मी बघते."

कापड छापण्याच्या कारखान्यात तिला सगळे नक्षीवाली म्हणत. तिने काढलेल्या वेली कुणाकुणाच्या अंगावर मिरवत होत्या. ती स्वतः मात्र कॉलेजात असताना अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेल्यापासून जुना कृत्रिम पाय पायघोळ करड्या स्कर्टखाली झाकून वावरत होती. कुणी विचारलंच, तर 'लचकलाय' म्हणायची. पण लचकलेला पाय किती वर्षं लचकलेला राहणार?

पांढरा पाय घरी आला. तो मांडीवर घेऊन तिने कुंचला उचलला. कापड सपाट असतं. इथे पोटरीला गोलाई होती, घोट्याशी खळगा होता. पहिली रेघ ओघळली. तिने पुसली. पुढची वेल मात्र घोट्यापासून निघाली ती पोटरीला वळसे घालत थेट गुडघ्यापर्यंत चढली. तिने सगळीकडे गर्द निळा भरला. पानं तेवढी पांढरी राहू दिली.

आई दारातच थबकली. "अगं, झाकायचं सोडून मिरवतेस काय? लोक बघतील!"

"बघतातच की, आई. आजवर चोरून बघायचे."

आई खाली बसली. हात पुसून तिने एका पानावरून हलकेच बोट फिरवलं. मग एकदम म्हणाली, "दुखत नाही ना गं?"

आणि दोघींना हसू आवरेना.

रंग वाळल्यावर तिने पाय चढवला, गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट घातला आणि आरशासमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत तिची नजर गुडघ्याखाली उतरलीच नव्हती. आता ती तिथून हलेना. 'ही मी?'

संध्याकाळी दोघी बाजारात निघाल्या. रस्त्यावर आई कायम तिच्या डाव्या अंगाने चालायची, पाय लोकांना दिसू नये म्हणून. आजही सवयीने ती तिकडेच वळली. चार पावलं चालली, थांबली, आणि मागून वळसा घेऊन मुलीच्या उजव्या बाजूला आली.