सहा फुटांचा रॅम्प

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी रॅम्प आहे. वय म्हणाल तर चारच वर्षांचे, पण एकदा गंज चढला की लोखंडाला जुनेच म्हणायचे. भोपाळला जवाहर चौकाजवळ एका मराठी मंडळाचे ग्रंथालय आणि सभागृह आहे. त्याच्या तीन पायऱ्यांवर मी तिरका टेकलेला आहे. माझी कहाणी ऐका, आणि जरा घाईने ऐका. माझ्याकडे सोमवारपर्यंतच वेळ आहे.

माझा जन्म गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. मंडळाने केतकी नावाच्या मुलीला ग्रंथपाल म्हणून नेमले होते. केतकी लहानपणापासून व्हीलचेअरवर. ग्रंथालयाची पदवी हाती असून तीन वर्षे तिला नोकरी मिळाली नव्हती, कारण जाईल तिथे पायऱ्या आडव्या येत. म्हणून तिने आधीच मंडळाला चिठ्ठी लिहिली होती. 'पायऱ्यांची उंची दीड फूट आहे, तेव्हा रॅम्प अठरा फूट लांब करावा, म्हणजे मला कोणाच्या मदतीशिवाय चढता येईल.' ती चिठ्ठी फाइलला लागली. मला हे फार उशिरा कळले.

वेल्डिंग करणाऱ्या सुधाकरभाऊंना मात्र चिठ्ठीशिवायच कळले होते. मंडळाचे अध्यक्ष दिगंबरराव माप सांगायला आले, तेव्हा सुधाकरभाऊ म्हणाले, "साहेब, सहा फुटांत चढ जास्तच होऊन राहिला. माणूस चढेल, गाडी चढेल, पण खुर्ची नाही चढणार."

"अहो, समोर आमच्या स्कूटरी लागतात," दिगंबरराव म्हणाले. "सहातच बसवा. काही नसण्यापेक्षा बरे."

दिगंबरराव वाईट माणूस नव्हेत हो. कोणाच्याही अडीअडचणीला आधी धावणारे. पण ज्याच्यासाठी करायचे त्याला विचारायचे असते, एवढे एकच त्यांना कधी सुचले नाही.

माझ्या उद्घाटनाला नारळ फुटला, फीत कापली, पेढे वाटले. माझ्या अंगावर पिवळ्या रंगाने 'दिव्यांगांसाठी' असे रंगवले होते. पाहुणे फोटोसाठी माझ्यावरून चालत गेले. एकाची चप्पल घसरली, तेव्हा सगळे हसले आणि मीही मनातल्या मनात हसलो. केतकी सोमवारी रुजू होणार होती, म्हणून तिला समारंभाला बोलवायचे राहूनच गेले.

सोमवारी ती आली. दोन हात चढली आणि तिच्या खुर्चीची पुढची चाके हवेत उचलली गेली. ती तशीच मागे आली. तिने माझ्याकडे पाहिले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत त्या दिवशी मला कळली.

मग रोज सकाळी पन्नाशीचे शिपाई उदयभाऊ, गुडघ्याला पट्टा बांधून, तिला मागून ढकलायचे. "ताई, घट्ट पकडा हां, जोर लगावतो," म्हणायचे आणि वर पोचल्यावर खांबाला टेकून धापा टाकायचे. उदयभाऊ पोस्टात गेलेले असले, तर केतकी खाली उन्हात बसून राहायची. एकदा मे महिन्यात पाऊण तास. आत गेली की मात्र तिचे राज्य. वर्षानुवर्षे धूळ खाणारी पुस्तके तिने लावली, शनिवारी मुलांसाठी वाचनाचा तास सुरू केला.

अशाच एका शनिवारी आत वीस मुले खोळंबली होती आणि उदयभाऊ यायचे होते. केतकीने पाच मिनिटे वाट पाहिली. मग ओठ घट्ट मिटून ती एकटीच माझ्यावर चढू लागली. चार फूट आली. मित्रांनो, मी जीव तोडून तिच्या चाकांना धरून ठेवत होतो, पण उताराचे बळ माझ्यापेक्षा मोठे. तिचा हात निसटला, खुर्ची मागे उलटली. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. मीच तिला पाडले. हे मी विसरू शकत नाही.

ती घरी असताना मंडळाची बैठक झाली. दार उघडेच होते.

"रॅम्प करून दिला, आणखी काय करायचे?" दिगंबरराव म्हणाले. "बिचारीला झेपत नाही. उद्या काही भलते झाले म्हणजे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तिला काढायला माझाच दाखला दिला गेला, आणि मला तोंड नव्हते.

किल्ल्या परत द्यायला ती प्लास्टर घातलेल्या हाताने आली आणि खालीच थांबली. दिगंबरराव पायऱ्या उतरून आले. बायकोने दिलेला चिवड्याचा डबा त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला. त्यांचे डोळे खरोखरच भरले होते.

"काका, माझी चिठ्ठी वाचली होती का?"

"वाचली होती गं. पण अठरा फूट म्हणजे स्कूटरींची जागाच गेली असती."

केतकीने ओळीने लावलेल्या स्कूटरींकडे पाहिले. "मग पायऱ्याच बऱ्या होत्या, काका. निदान कोणी मला बोल लावला नसता."

ती गेली ती पुन्हा आली नाही. आता ऊन लागू नये म्हणून त्या स्कूटरी माझ्यावरूनच वर व्हरांड्यात चढवतात. त्या सहज चढतात.

काल उदयभाऊंनी दारावर कागद चिकटवला. 'ग्रंथपाल पाहिजे. मुलाखती सोमवारी सकाळी दहा वाजता. दिव्यांगांसाठी रॅम्पची सोय आहे.' चिकटवता चिकटवता ते दिगंबररावांना म्हणाले, "साहेब, सिहोरहून एका मॅडमचा फोन होता. व्हीलचेअर आहे म्हणत होत्या. रॅम्प आहे का विचारलं, मी हो बोललो. अकेल्याच येणार आहेत."

"छान," दिगंबरराव म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, कचेरीत, सभागृहात माझ्यासारखा कोणी असेल, तर फीत कापण्याआधी चाकांवरून येणाऱ्याला विचारा. आणि गोविंदपुऱ्यातल्या सुधाकरभाऊंना कोणी ओळखत असाल, तर त्यांना सांगा, मला अजून बारा फूट जोडा. ते जमणार नसेल तर मला उचलून भंगारात टाका, मी कुरकुर करणार नाही. पण काय करायचे ते सोमवारी दहाच्या आत करा.