सायीच्या रंगाचा पट्टा

जेवणाचं टेबल कित्येक वर्षं आगगाडीच्या ताब्यात होतं. नवरा-बायको खिडकीपाशी ताट मांडीवर घेऊन जेवत, आणि कुणी पाहुणा आलाच तर तोही. शनिवारी संग्रहालयाची माणसं येऊन सगळं घेऊन जाणार होती. बाईंनी टेबलावर घालायचं कापड धुऊन, घडी करून तयार ठेवलं होतं.

बाई शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. नवऱ्याला सगळे अजून गार्डसाहेबच म्हणत. तरुणपणी ज्या छोट्या फाट्यावरच्या गाडीला त्यांनी हिरवा झेंडा दाखवला, तीच गाडी ते टेबलावर लहान आकारात बांधत होते. फाटा कधीच बंद पडला, डबे भंगारात गेले. उरले थोडे काळे-पांढरे फोटो. भिंगातून त्यांनी त्या फोटोंमधले रिव्हेट मोजले, पायऱ्यांची मापं काढली. दिव्याची कडी डावीकडे की उजवीकडे, यावरून एका मित्राशी अबोलाही धरला. रंगाला मात्र कशाचाच आधार नव्हता. खाली गडद तांबडा आणि खिडक्यांभोवती सायीच्या रंगाचा पट्टा, एवढं त्यांच्या डोळ्यांना आठवत होतं. आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

काही वर्षांपूर्वी त्यांना तो पट्टा पिवळा पडल्यासारखा वाटायला लागला. त्यांनी सगळे डबे पुन्हा रंगवायला घेतले.

"फारच पांढरा झालाय हो," बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या.

"दवाखान्याची भिंत दिसतेय," मित्र म्हणाला होता.

"आधी डोळे तपासून घे," गार्डसाहेबांनी त्याला वाटेला लावलं होतं. बाईंकडे निदान नुसतंच रागावून पाहिलं. त्यानंतर बाईंनी तो विषय काढला नाही.

आता त्यांच्याच उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला होता. डावा अजून बाकी होता. पट्टी सुटल्यावर ते टेबलापाशी उभे राहिले आणि आळीपाळीने एकेक डोळा तळहाताने झाकू लागले.

"अगं मास्तरीणबाई."

"काय?"

"डाव्याने बघितलं की साय. उजव्याने बघितलं की पाणी घातलेलं दूध."

"डॉक्टर म्हणालेत ना, सुरुवातीला सगळं निळसर दिसेल."

"म्हणालेत खरं."

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. पण बाईंना पुढचंही कळत होतं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यापुढची पिवळी काच. तिच्यातून साय हळदीसारखी दिसते, आणि माणूस ती साय वाटेपर्यंत रंगात पांढरा ओतत राहतो. डोळ्याचा निळेपणा काही दिवसांत ओसरला असता. डब्यांचा ओसरणार नव्हता. तोवर शनिवार उलटून गेला असता आणि टेबल मोकळं झालं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शिवणाच्या पेटीत तळाशी एक डबा होता. नातीच्या हातून पडून त्याचं चाक निखळलं, म्हणून गार्डसाहेबांनी तो भंगारात टाकला होता आणि बाईंनी चाकासकट उचलून ठेवला होता. त्यामुळे दुसऱ्या रंगातून तो सुटला. पेटीत ऊन लागत नाही, रंग उडालेला नव्हता. गार्डसाहेब त्याला विसरूनही गेले होते.

"तुला कसा दिसतो हा पट्टा?" त्यांनी विचारलं. या वेळी आवाजात भांडण नव्हतं.

बाई स्टुलावर बसल्या. गुडघे दुखत होते. 'सवय होईल' एवढे दोन शब्द पुरले असते. पण आयुष्यभर त्यांनी प्रयोगाच्या तासाला मुलांना बजावलं होतं, दिसलं ते लिहा, हवं ते लिहू नका. त्या कण्हत उठल्या, पेटी घेऊन आल्या आणि तो डबा बाकीच्या डब्यांशेजारी ठेवला.

गार्डसाहेबांनी डावा डोळा झाकला. बराच वेळ पाहिलं.

"हा खरा."

"हो."

"कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. आणि मी त्या बिचाऱ्याला डोळे तपासायला धाडत होतो." ते हसायला गेले, पण मध्येच खोकला आला.

बाईंनी कापडाच्या घडीकडे पाहिलं. "संग्रहालयाला फोन करून पुढची तारीख मागू?"

त्यांनी हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. "आता या हाताने खिडक्यांच्या कडा? नको गं. दमलो."

"ब्रश मी धरते."

"तूही दमलीयेस. आता दिसतंय मला."

त्यांनी चाक चिकटवलं आणि डबा इंजिनाच्या लगेच मागे जोडला.

शनिवारी संग्रहालयाचा माणूस एकेक वस्तू कागदात गुंडाळत होता. "साहेब, हा एकच डबा पिवळट पडलाय. बाजूला ठेवू का?"

गार्डसाहेब बाईंकडे बघू लागले.

"राहू दे तिथेच," बाई म्हणाल्या. "रंग त्याचाच बरोबर आहे, बाकीचे चुकलेत. पाटीवर तसं लिहा."

"बरं, काकू," तो म्हातारीची समजूत घातल्यासारखा हसला. पाटीवर काही लिहिणार नव्हता, हे दिसतच होतं.

गाडी गेली. बाईंनी टेबलावरचे डिंकाचे डाग खरवडले, जेवढे निघाले तेवढे, आणि वर कापड घातलं. समोरासमोर दोन ताटं मांडली. गार्डसाहेब खुर्चीत बसले आणि सवयीने ताट उचलून मांडीवर घेतलं.

"अहो, वर ठेवा," बाई म्हणाल्या.