भिंतीची चव

जुन्या मातीच्या कोठारावर 'वारसा जपा' असा फलक होता आणि नेमका त्या फलकाखालचाच गिलावा फुगून पडला होता. येणारे-जाणारे हळहळत होते. लिंपणकाकूच्या पोटात मात्र गार गार वाटत होतं.

कारणही तसंच होतं. वर्षापूर्वी नवे देखभालसाहेब आले. शिपायांनी त्यांचं नाव 'झटपटसाहेब' ठेवलं होतं. साऱ्या गवंड्यांदेखत ते काकूला म्हणाले, "काकू, चिखलात खेळायचे दिवस गेले. घरी जा आता." तिने तीस वर्षं आणि तिच्याआधी तिच्या सासूने त्या भिंती लिंपल्या होत्या! साहेबांनी छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंट थापलं. आता पंधरा दिवसांवर वरिष्ठांची तपासणी आली आणि उत्तरेच्या भिंतीवर पांढरं मीठ फुटून माती मुठीमुठीने गळू लागली. नाइलाजाने काकूला बोलावणं गेलं.

"भिंतीतलं ते मीठ तेवढं काढून टाका. गाजावाजा नको," साहेब म्हणाले.

"काढते की," काकू गोड हसून म्हणाली. मनात म्हणाली, आता बघच.

तिने उत्तरेच्या भिंतीवरचं सिमेंट उकरलं, माती आणि कागदाचा ओला लगदा थापला. वाळता वाळता लगदा भिंतीतलं मीठ ओढून घेतो. मग तो सोलून लांब नेऊन टाकायचा, अशी रीत. काकूने तो भिंतीच्या पायाशीच पुरला आणि वर कोरडी माती सारली. तपासणीत साहेब शाबासकी घेतील, पावसात मीठ पुन्हा वर चढेल आणि भिंत साहेबांच्या नावावर कोसळेल!

तपासणीच्या आदल्या दिवशी सासूबाई काठी टेकत काम बघायला आल्या. डोळे अधू झाले होते, पण त्यांच्या घरात भिंतीची परीक्षा जिभेनेच व्हायची. त्यांनी बोटाला माती लावून चाखली. "छान. निव्वळ माती." मग वाकून पायाशी उकरलं, चिमूट जिभेवर ठेवली आणि थू करून थुंकल्या.

"सूनबाई, हे मीठ इथे कुणी पुरलं?"

"मीच. आई, त्याने चारचौघांत माझी लाज काढली. मी त्याला सोडायची नाही!"

"मग त्याला धर ना! भिंतीने तुझं काय घोडं मारलंय? चोर सोडून संन्याशाला फाशी? अगं, जमिनीतलं खारं पाणी भिंतीत चढतं, माती ते घामासारखं बाहेर टाकते. त्याने सिमेंट लावून तिचं नाक दाबलं, मीठ आतच फुगलं आणि माती फुटली. पण त्याला ते ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं! आता तूच सांग, मोठा गुन्हेगार कोण?"

सासूबाईंनी तिचा हात धरला आणि खिडकीशेजारच्या, सिमेंट न पोचलेल्या लिंपणावर ठेवला. लग्न होऊन आली त्या वर्षीचं ते काकूचं पहिलं काम. चार बोटं अजून उमटलेली होती.

"ही तुझीच बोटं. हीच कापायला निघालीस?"

काकूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अरेरे, सुडाच्या नादात कुऱ्हाड आपल्याच पायावर! तिने पदर खोचला, पुरलेला लगदा आणि त्याखालची वीतभर माती उकरली आणि पाट्या भरभरून लांबच्या उकिरड्यावर नेऊन टाकली. राग मात्र तिने टाकला नाही. तो उद्यासाठी ठेवला.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या वरिष्ठबाईंनी उत्तरेची भिंत वाखाणली. "आमची आधुनिक पद्धत," साहेब म्हणाले.

काकू पुढे झाली. "साहेब, दक्षिणेच्या भिंतीवर तुमचं सिमेंट अजून आहे. त्याच्या वरच्या कडेची माती जरा चाखा."

"काहीतरीच काय!"

"चाखा," वरिष्ठबाई म्हणाल्या.

साहेबांनी बोट जिभेला लावलं. तोंड वेडंवाकडं झालं. "खारट."

"आता माझी भिंत."

"...नुसती माती."

शिपाई फिसकन हसला. वर्षभराची आग काकूच्या पोटात विझली. मग तिने स्वतःचंही सांगून टाकलं. "माझ्या भिंतीतून काढलेलं मीठ मी सुडापायी तिच्याच पायाशी पुरलं होतं. काल उपसलं. तुमची जिरवायला निघाले होते आणि भिंत घालवून बसले असते."

साहेबांची मान खाली गेली. "काकू, मला हे काम शिकवाल?"

"उद्या सकाळी या. चिखलात खेळायला!"

नागरिकहो, आपल्याही गावात अशी एखादी मातीची भिंत उभी असेल. तिच्यावर सिमेंट थापण्याआधी, तिच्या पायाशी सांडपाणी सोडण्याआधी, तिला लिंपणाऱ्या हातांना विचारा. आणि सूड उगवायचाच असेल तर अडाणीपणावर उगवा. मुकी भिंत एकदा पडली, की माफी मागायची कुणाची?