पानगळीला निघालेली सॅक

मी एक जुनी सॅक आहे. जुनी म्हणा, हरकत नाही. पण ‘बिचारी’ म्हणालात तर खबरदार!

मित्रांनो, तंबू शिवणाऱ्या कारखान्यात माझा जन्म झाला. जाड खाकी कापड, दुहेरी शिवण, रुंद पट्टे. दुकानात माझ्या शेजारी रंगीत, नखरेल सॅका होत्या. एका बेकरीवालीने मात्र माझेच पट्टे दोन्ही हातांनी ओढून पाहिले आणि म्हणाली, “ही चालेल.” ती ताई. तिची धाकटी बहीण इस्पितळात नर्स होती.

दोघींना एका डोंगररांगेची लांबच लांब पायवाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची होती. सलग चालायला महिने लागतात; तेवढी सवड कोणाला? म्हणून दरवर्षी एक तुकडा. कोणता तुकडा कधी, हे ताई ठरवी. रखरखीत माळ हिवाळ्यात चालायचा, कारण उन्हाळ्यात तिथे पाण्याचा थेंब नसतो.

मग उंच खिंडीचा तुकडा आला. “तिथे पानगळीलाच जायचं, नदी उतरल्यावर,” ताई म्हणाली.

“बेकरी तुझी, सुट्टी तुझी!” धाकटी फणकारली. “मला रजा वसंतातच मिळते. आत्ता नाही तर कधीच नाही.”

ताई विरघळली. वसंतात आम्ही निघालो. मी धाकटीच्या पाठीवर होते.

खिंडीच्या अलीकडे नदी होती. वरचा बर्फ वितळून ती नुसती उधाणली होती. एक टोळकं दोर धरून पार झालं आणि पलीकडून ओरडलं, “या की काकू, घाबरता काय!” धाकटीने तावातावाने पाण्यात पाय घातला आणि ती घसरलीच. ताईने झेप घेऊन माझा पट्टा धरला. मी अर्धी उसवले, पण सुटले नाही.

काठावर आल्यावर ताई म्हणाली, “चल मागे.”

“अगं, सगळे गेले पलीकडे!”

“जाऊ देत. तुझी रजा मंजूर झाली म्हणून नदी ओसरणार आहे का?”

आम्ही मागे फिरलो. घरी ताईचा नवरा हसला, “गेल्या वाजतगाजत, आल्या हात हलवत!” त्याने चकचकीत नवी सॅक आणली आणि मला माळ्यावर फेकलं. मित्रांनो, मी रडले नाही. मला राग आला. मी काय घरी बसून उसवले होते?

पाने पिवळी पडू लागली, तशी धाकटी बेकरीत आली. ताईचे हात पिठात होते.

“रजा घेतली, ताई. भांडून घेतली. वसंतात काम करीन म्हटलं, पण हे दिवस माझे.”

“नवी सॅक घेशील?”

“नको. जिने मला बुडू दिलं नाही, तीच हवी.”

पीठ मळायच्या टेबलावरच दोघींनी माझा पट्टा मेणदोऱ्याने शिवला.

या खेपेला नदी घोट्याएवढी होती. धाकटी मधोमध थांबली आणि तिने ताईचा हात घट्ट धरला. मग आम्ही खिंड चढून गेलो.

मित्रांनो, मला दया नको. उसवले तर शिवा, भिजले तर वाळवा. आणि डोंगरावर जाताना आपल्या सोयीचा हट्ट धरू नका. कधी येऊ, हे आधी डोंगरालाच विचारा. तो ‘नाही’ म्हणाला तर मागे फिरा, पण मान खाली घालू नका.

पुढचा तुकडा म्हणे फार खडकाळ आहे, माझा तिथे निभाव लागणार नाही. कोण म्हणतं? आधी मला भरा, पाठीवर घ्या, मग बोला!