मोठीच्या अंबाड्यातला गुंता

रविवारी नाश्ता उरकला की त्या घरातल्या बायका मागच्या गॅलरीत एकीमागे एक बसत. सगळ्यात पुढे शाळकरी नात, तिच्या मागे तिची आई म्हणजे मोठीची सून, सुनेच्या मागे मोठीची धाकटी जाऊ आणि सगळ्यांच्या मागे, खुर्चीत, स्वतः मोठी. जिने तिने आपल्या पुढचीच्या डोक्याला तेल चोळायचं, विंचरायचं आणि मग एकेकीने न्हायला जायचं. मोठीच्या मागे फक्त भिंत. लहानाने मोठ्याच्या डोक्याला हात लावायचा नाही, हा नियम तिच्या सासूचा. सासू गेली, नियम राहिला, आणि मोठीला तो फार आवडायचा. आपलं डोकं ती आपणच करायची. साठी उलटली तरी तिचा अंबाडा मुठीत मावत नव्हता, हे ती न विचारताही सांगायची.

सुनेचे केस कुरळे. ते मोठीला लग्नाच्या दिवसापासून खुपत. डोकं आहे की काथ्याची गादी, असं ती पाहुण्यांसमोरही म्हणायची. सून चिडायची नाही. गादीच आहे, पण झोप मला छान लागते, एवढं म्हणून ती आपलं काम करत राही. तिची न्हाण्याची तऱ्हा निराळी होती. कसलीशी घट्ट पांढरी क्रीम ती केसांना फासायची, आणि मोठी त्या बाटलीला ‘चिखल’ म्हणायची.

मग थंडीत मोठीचा उजवा खांदा धरला. हात कानापर्यंत जायचा, पुढे ठणका. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ती दार लावून करायची. खुर्चीत बसून धाकटीचं डोकं चोळायला अडचण नव्हती, कारण ते खाली असायचं. पण स्वतःची मान तिच्या हाताबाहेर गेली. हे सांगायचं म्हणजे आपण होऊन खुर्ची सोडायची, आणि खुर्ची सोडणाऱ्यातली ती नव्हती. डाव्या हाताने वरवर कंगवा फिरवायचा, केस गुंडाळायचे, आकडे खोचायचे. आतला गुंता सुटेल म्हणून ती रोज वरून तेल ओतू लागली. तेलाने धूळ धरली, धूळ धुतली गेली नाही, आणि अंबाड्याच्या पोटात भांडी घासायच्या वाळक्या चोथ्यासारखा गोळा झाला.

खाज सुटली. मोठी स्वेटरच्या सुईने खाजवू लागली. जेवताना धाकटीने विचारलं की उवा तर नाहीत ना झाल्या. मोठीने तिच्याकडे असं पाहिलं की तिने विषय बदलून लोणचं मागितलं.

एका दुपारी मोठी कोणाला न सांगता लांबच्या पार्लरमध्ये गेली. तिथल्या मुलीने आकडे काढले, पण अंबाडा खाली आला नाही. होता तिथेच बसून राहिला. मुलीने दुसरीला बोलावलं, दोघींनी दाबून पाहिलं आणि मानेपाशी कापावे लागतील असं सांगितलं. आखूड केस तुम्हाला शोभतील मावशी, असंही एकीने म्हटलं. मोठीने गळ्याभोवतीचं कापड सोडून तिच्या हातात दिलं, डोक्यावर शाल ओढली आणि चालू लागली.

वाटेत तिने नीट विचार केला. कापायचे, नाहीतर घरातल्या कोणाच्या तरी हाती डोकं द्यायचं. धाकटी गोड बोलून ओढणार आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला सांगणार. जन्मभर गुंत्याशी झुंजलेली बाई घरात एकच होती, आणि तिच्याच डोक्याला आपण इतकी वर्षं नावं ठेवली. आता ती काय बोलेल ते बोलेल. तिला द्यायची उत्तरं मोठीने घरी पोचेपर्यंत तयार केली.

रविवारी तिने आपली खुर्ची उचलून सुनेच्या पुढ्यात मांडली आणि सुनेला उभं राहायला सांगितलं.

धाकटी दचकली. “अहो ताई, सासूबाईंनी घालून दिलेलं...”

“सासूबाईंचा खांदा धरला नव्हता,” मोठी म्हणाली आणि तिने आकडे काढले.

गोळा पाहून नातीने तोंडावर हात ठेवला. सुनेने तो बोटांनी चाचपला. मोठी मान ताठ करून टोमण्याची वाट पाहत बसली. टोमणा आला नाही. कधीपासून, एवढंच सुनेने विचारलं, आणि नातीला ती पांढरी बाटली आणायला पाठवलं. गोळा क्रीमने थबथबीत केला, भिजू दिला, आणि मग मुळाशी केस मुठीत धरून, ओढ बसू न देता, ती खालच्या टोकापासून बोटांनी एकेक बट मोकळी करू लागली.

थोड्याच वेळात मोठीचा धीर सुटला. वरून घे, लवकर होईल, तिने फर्मावलं.

सुनेने हात थांबवले. “आई, वरून ओढलं की गाठ खाली सरकून आवळते. तुमच्या केसांचं तुम्हाला ठाऊक असेल, गुंत्याचं मला ठाऊक आहे. करू, का ठेवू?”

तयार केलेल्या उत्तरांतलं एकही इथे बसत नव्हतं.

“कर,” मोठी म्हणाली.

सकाळ सरली, ऊन गॅलरीतून निघून गेलं. स्वयंपाक मोठीच्या मुलाने केला, आणि मिठाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटी मानेपाशी सुपारीएवढी गाठ उरली. ती सुटत नाही, कापते, असं सुनेने सांगितलं आणि मोठीने हूं म्हटलं. बाकीचे केस पाठीवर मोकळे झाले, कमरेखाली. आतली कातडी लाल झाली होती, खपल्या धरल्या होत्या. सुनेने कोमट पाणी काढलं, मग्यात शांपू पातळ केला, नखं न लावता बोटांच्या पेरांनी डोकं धुतलं, आणि खपल्या जाईपर्यंत तेलाचा थेंब नाही, असं बजावलं. मोठी त्यावर तावातावाने भांडली आणि हरली. मात्र किती बरं वाटतंय, हे तिने कोणाला कळू दिलं नाही. डोळे मिटून बसली, एवढंच.

पुढच्या रविवारी गॅलरीत कोणी बसेना. कोणी कोणाच्या मागे बसायचं हेच ठरेना. मोठीने सगळ्यांना पुढच्या खोलीत नेलं, टेबल भिंतीला सरकवायला लावलं आणि गोल मांडला. ती धाकटीचं डोकं करणार, धाकटी नातीचं, नात आपल्या आईचं आणि सून मोठीचं. भिंतीकडे पाठ कोणाचीच नाही.

धाकटी गाल फुगवून म्हणाली, “गोलात मोठं कोण, ते कसं कळायचं ताई?”

“कोणी कुठे बसायचं ते जी सांगते, ती,” मोठी म्हणाली, आणि तिने धाकटीचं डोकं धरून खाली वाकवलं.