डाव्या हाताची रिकामी जागा

या मित्रांनो, पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही जवळ या, माझा आवाज कागदी आहे. एक गोष्ट ऐकवतो. पण ती सांगताना माझी थोडी चडफड होणार, तेवढी सांभाळून घ्या.

मी एक जुना पियानो रोल आहे. म्हणजे कागदाची लांबलचक गुंडाळी, अंगभर भोकं. आपोआप वाजणाऱ्या पियानोत मला बसवून पायाखालच्या फळ्या हलवल्या की भोकांतून हवा खेचली जाते आणि त्या त्या पट्ट्या खाली बसतात. वाजवणारा समोर नसतो, तरी त्याचेच हात ऐकू येतात. देवाने माणसाला काय एकेक सुचवलंय!

माझ्यावर रॅगटाईम नावाच्या जुन्या अमेरिकी ढंगाची धून आहे. तिच्यात डावा हात थोरल्या भावासारखा एका चालीने चालतो. उजवा म्हणजे शेंडेफळ. ठेक्याच्या आधीच उडी मारील, नाहीतर मुद्दाम मागे रेंगाळेल. सगळी गोडी त्या दोघांच्या ओढाताणीत. ती कळायची तर सावकाशच ऐकायला हवं.

मला वाजवलं एका बाईने. तान्ह्या लेकीला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून रोल बनवणाऱ्या कारखान्यातही ती मांडीवरच होती. बाई वाजवत होती आणि पियानोला जोडलेल्या पेन्सिली कागदावर रेघा ओढत होत्या. मध्येच लेक घसरली. बाईने डाव्या हाताने तिला सावरलं. उजवा वाजतच राहिला, डावा क्षणभर गप्प.

"पुन्हा वाजवू का?" तिने ओशाळून विचारलं.

रेघांवर भोकं पाडणारा कारागीर म्हणाला, "नको बाई. गाण्याने श्वास घेतल्यासारखं वाटलं. राहू दे."

मलाही ते पटलं. गाऊन देवाची कथा सांगणारासुद्धा मध्येच थांबतो. ऐकणाऱ्याचे डोळे भरतात ते नेमके तिथेच.

पण मी गेलो एका उपाहारगृहात! मालक वेगाचा दांडा पार टोकाला नेऊन ठेवायचा. "पळव रे त्याला, गिऱ्हाईक हसलं पाहिजे!" गिऱ्हाईक हसायचं. माझं मात्र पार माकड व्हायचं. त्या धांदलीत बाईचं थांबणं कुणाच्या कानावर पडणार? ओरडून सांगावं, तर मला स्वतःचं तोंड कुठाय?

मग कपाट, धूळ आणि शेवटी एका दुरुस्तीवाल्याचं दुकान. माणूस प्रेमळ, फाटलेल्या कडा त्याने मायेने चिकटवल्या. पण त्या रिकाम्या जागेशी आला आणि म्हणाला, "अरेच्चा, इथली भोकं राहूनच गेलीत की!" उचललं पातं आणि पाडली भोकं. मित्रांनो, त्या दिवशी फाटून गेलो असतो तर बरं, असं वाटलं.

काही दिवसांनी एक म्हातारी शोधत आली. "माझ्या आईचा रोल तुमच्याकडे आहे म्हणे."

त्याने हौसेने लावला, तोही भरधाव.

"अहो, मागे कुत्रं लागलंय का? हळू घ्या जरा!"

वेग उतरला. म्हातारी पियानोवर हात ठेवून वाट पाहत राहिली. ती जागा आली, आणि डावा हात न थांबता पुढे निघून गेला. तिचा चेहराच पडला.

"इथं आई थांबायची. घरी वाजवतानाही थांबायची, माझ्याकडे बघून हसायची."

"नाही हो आजी, तिथली भोकं राहिली होती. मीच भर घातली."

"भर कसली दादा? तिथं मी होते. मांडीवरून पडत होते."

दुरुस्तीवाल्याने रोल उतरवला. पातळ कागद आणि खळ घेऊन त्याने आपलीच भोकं एकेक करून बुजवली. रोल पुन्हा लागला. डावा हात थांबला, तशी म्हातारी खुदकन हसली आणि मग पदराने डोळे पुसू लागली.

तुम्हाला वाटेल, संपली माझी चडफड. कुठली! दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक आलं आणि वेगाचा दांडा पुन्हा टोकाला गेला.

म्हणून हात जोडतो. जुनी धून भेटली तर तिला पळवू नका, आणि तिच्यातली शांतता चूक समजून बुजवू नका. तिथं त्या आईला आठवा. वाजवता वाजवता तिचा एक हात लेकराकडे गेला होता.